हजेरीपट काय सांगतो?

तुमच्या शाळेतल्या एखाद्या सरांचे पगारपत्रक कधी पाहायला मिळाले, तर त्यातल्या कपातींमध्ये ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ दिसेल. अकरा महिने तिच्यापुढे २०० हा आकडा असतो. फेब्रुवारीत मात्र तो ३०० होतो. अकरा गुणिले दोनशे म्हणजे २,२००, त्यात ३०० मिळवले की २,५०० होतात, आणि एका माणसाकडून वर्षाला याहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही अशी मर्यादा राज्यघटनेनेच घातलेली आहे. फेब्रुवारीचे कोडे सुटले. पण महाराष्ट्रात १९७५ साली हा कर मुळात लावला कशासाठी, हे पुष्कळ सरांनाही ठाऊक नसते. शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी थोडे पैसे द्यायचे, राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून तितकीच भर घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम हवे असेल त्याला ते द्यायचे, अशी ती कल्पना होती. तिचे नाव रोजगार हमी योजना.

या लेखात त्या योजनेचा इतिहास सांगायचा नाही. तिच्यातल्या एका अगदी साध्या वस्तूकडे, म्हणजे कामावरच्या हजेरीपटाकडे, आपण विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहणार आहोत. कामावर त्याला ‘मस्टर’ म्हणतात. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत हल्ली ‘मनुष्यबळाच्या माहितीचे विश्लेषण’ असे भारदस्त नाव ऐकू येते. कोण कामावर येतो, कोणत्या दिवसांत गैरहजेरी वाढते, किती जण नोकरी सोडून जातात, पुढच्या महिन्यात किती हात लागतील, हे संगणकावर तपासायचे आणि त्यावरून संस्था दीर्घकाळ नीट चालेल अशी आखणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. पण संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातल्या मातीकामांवर लाखो माणसांची अशी नोंद रोज होत होती. उन्हात, मांडीवर वही ठेवून, मुकादम किंवा कारकून नावापुढे खूण करी. त्या खुणांची बेरीज गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला जाई.

बहात्तरचा दुष्काळ

मराठवाड्यात कोणत्याही घरी वडीलधाऱ्या माणसांसमोर ‘बहात्तर’ एवढेच म्हणा, पुढचे ते सांगतील. खडी फोडण्याची कामे, मुलांना मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो आणि कोरड्या विहिरी. त्या आधीची वर्षेही कमी पावसाचीच होती. सरकारने रस्ते, पाझर तलाव आणि नालाबांध यांची कामे काढली, आणि मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख भरली होती. म्हणजे मुंबई-पुणे धरून, म्हातारेकोतारे आणि तान्ही मुले धरून, राज्यातल्या दर दहा माणसांपैकी एक जण त्या महिन्यात दुष्काळी कामावर होता. खेड्यांपुरता हिशेब केला तर दर सातांत एक. दुष्काळ किती तीव्र होता हे सांगायला पावसाचे मिलिमीटर पुरत नाहीत; ही एकच संख्या ते जास्त स्पष्ट सांगते.

विधान परिषदेचे त्या वेळचे सभापती वि. स. पागे हे या योजनेचे जनक मानले जातात. त्यांच्या कल्पनेचा प्रयोग १९६५ सालीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे झाला होता. दुष्काळानंतर योजना राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. भत्ता दिवसाला किमान एक रुपया! रक्कम क्षुल्लक होती, पण काम मागणे हा नागरिकाचा हक्क झाला, आणि असा कायदा त्या वेळी देशात दुसरीकडे कुठेही नव्हता.

माणसांचा तापमापक

आता हजेरीपट उघडू. समजा एका तालुक्यातल्या सर्व कामांवरची रोजची हजेरी आपण वर्षभर आलेखकागदावर मांडली. क्षितिजसमांतर अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर मजूर. आपल्या कोरडवाहू भागात हा आलेख डोंगरासारखा दिसतो. रब्बीची ज्वारी निघाली की चढ सुरू होतो, मेमध्ये शिखर येते, जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला की कडा कोसळावा तशी रेघ खाली येते, कारण पेरणी, कोळपणी आणि खुरपणीला शेतातच माणसे लागतात. पुढे काढणीपर्यंत आलेख पायथ्याशीच रेंगाळतो.

याचे कारण योजनेच्या रचनेतच आहे. मजुरी बेताची आणि काम जड, त्यामुळे ज्याला दुसरीकडे बरे काम मिळते तो इथे येत नाही. गरजू कोण हे ठरवायला दाखले किंवा ओळखी लागत नाहीत. उन्हात टोपली उचलायची तयारी हाच दाखला. म्हणून हजेरी हा तालुक्याच्या अडचणीचा तापमापकच म्हणायला हवा. पारा चढला की समजावे, गावात काम उरलेले नाही.

या तापमापकाचा पहिला उपयोग पुढची तयारी करण्यासाठी होतो. मेमध्ये ६,००० मजूर येतील असा अंदाज असेल आणि महिन्यात कामाचे २५ दिवस धरले, तर ६,००० × २५ म्हणजे दीड लाख मनुष्यदिवस झाले. एक माणूस मऊ मातीत दिवसाला दीड घनमीटर खोदतो असे मानू. म्हणजे सव्वादोन लाख घनमीटर खोदाईची कामे आधीच मोजून, आराखडे काढून, मंजूर करून तयार ठेवली पाहिजेत. एका पाझर तलावाच्या बांधाला ४५,००० घनमीटर माती लागते असे धरले, तर असे पाच तलाव. आयत्या वेळी इंजिनिअर जागा शोधत फिरू लागले तर मजुरांना नको असलेले, नको त्या जागचे काम निघते, आणि पहिल्या पावसात वाहून जाते. मंजूर कामांचा जो साठा तयार ठेवतात त्याला कचेरीत ‘शेल्फवरची कामे’ म्हणतात. हे शेल्फ किती भरलेले असावे, ते जुन्या हजेरीपटांवरूनच ठरवता येते. मस्टरवर बायकांची संख्या वेगळी दिसत असेल, तर कामावर पाळणाघर कुठे लागेल, पाणी किती लागेल, हेही आधी कळते.

(घरी करण्यासाठी एक हिशेब: दीड घनमीटर मातीचे वस्तुमान सुमारे २,४०० किलोग्रॅम भरते. ती दीड मीटर उंच टाकली तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य झाले? उत्तर सुमारे ३५ किलोज्यूल येईल, म्हणजे जेमतेम चमचाभर तेलातल्या ऊर्जेइतकेसुद्धा नाही! मग मजूर संध्याकाळी एवढा थकतो कसा? कुदळ उगारणे, ढेकूळ फोडणे, टोपली घेऊन चालणे आणि प्रत्येक वेळी स्वतःचे शरीर वाकवून पुन्हा उचलणे, यांतली ऊर्जा त्या सूत्रात येत नाही. म्हणूनच मातीकामाचा दर ठरवताना माती किती दूर आणि किती उंच न्यायची, हे दोन्ही पाहतात.)

फार नीटनेटका हजेरीपट

तापमापक खोटा असेल तर? कामावर नसलेल्या माणसांची नावे लिहून पैसे उचलण्याचे प्रकार सरकारी कामांवर घडत आले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. अशा वेळी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे चढउतार.

प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल सहा वेळा मोजून सहाही वेळा अगदी तेच उत्तर वहीत आले, तर सरांच्या भुवया उंचावतात. खऱ्या मापनात थोडा फरक पडतोच. माणसांच्या हजेरीचेही तसेच आहे. एका कामावर ५० मजूर आहेत असे समजा. कुणाचे मूल आजारी पडते, कुणाला तहसीलला जावे लागते. प्रत्येक जण सरासरीने दहांतले नऊ दिवस येतो असे मानू. मग रोजची सरासरी हजेरी ४५. चढउतार किती? ५० × ०.९ × ०.१ म्हणजे ४.५, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २. म्हणजे बहुतेक दिवशी हजेरी ४१ ते ४९ च्या दरम्यान हेलकावे खाईल. सर्व ५० जण एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता ०.९ चा पन्नासावा घात, म्हणजे हजारात सुमारे पाच. आणि सलग सहा दिवस पन्नासच्या पन्नास? गणकयंत्रावर करून पाहा. दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग लागेल.

प्रत्यक्षात सगळे स्वतंत्रपणे गैरहजर राहत नाहीत. आठवडी बाजार असला, गावात लग्न किंवा मयत झाली, की एकदमच पंधरा-वीस जण येत नाहीत. म्हणजे खरा चढउतार आपल्या गणितापेक्षा मोठा असतो, लहान नव्हे. तेव्हा ज्या मस्टरवर आठवडाभर एकसारखा आकडा आहे आणि बाजाराच्या दिवशीही तो हलत नाही, ते मस्टर घेऊन कामावर जाऊन यावे. लक्षात ठेवा, कामावर जाऊन यावे. लगेच कुणाला चोर ठरवू नये. पगारवाटप जवळ आले म्हणून सगळे खरोखरच आलेले असू शकतात. सांख्यिकी आपल्याला कुठे पाहायचे ते सांगते. तिथे काय आहे ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

पावसाचा वाटा वेगळा काढायचा

आता थोडे अवघड, पण सगळ्यात महत्त्वाचे. एखाद्या वर्षी मेची हजेरी मागच्या वर्षापेक्षा निम्मी झाली. आनंद मानायचा का? पाऊस चांगला झाला असेल, शेतीत काम मिळाले असेल, तर जरूर मानावा. पण तेच कारण आहे हे कशावरून?

समजुतीसाठी एका काल्पनिक तालुक्याचे आकडे घेऊ. पहिला आकडा आदल्या पावसाळ्यातल्या पावसाचा (सरासरीच्या टक्क्यांत), दुसरा पुढच्या मेमधल्या रोजच्या हजेरीचा:

६० टक्के : ९,२००
७० टक्के : ७,९००
८५ टक्के : ६,३००
१०० टक्के : ५,२००
११० टक्के : ३,९००
१२० टक्के : ३,१००

हे सहा बिंदू आलेखकागदावर मांडा आणि पट्टी ठेवून त्यांच्या मधून जाणारी सरळ रेषा काढा. ती साधारण अशी येईल: हजेरी = १५,००० − (१०० × पावसाची टक्केवारी). प्रत्येक बिंदू रेषेवर पडत नाही. १००-२०० मजुरांचा फरक इकडेतिकडे राहतो. हा फरक म्हणजे आपल्या मापनाची नेहमीची त्रुटी. (हीच रेषा कितीही लांबवू नका. १६० टक्के पावसाला ती उणे एक हजार मजूर दाखवील! नियम जेवढ्या निरीक्षणांतून काढला तेवढ्याच हद्दीत तो वापरावा.)

पुढे एका वर्षी पाऊस ९० टक्के झाला. रेषा म्हणते, ६,००० मजूर येतील. हजेरीपट म्हणतो, ३,५०० आले. तफावत २,५०० ची. नेहमीची त्रुटी २०० ची असताना २,५०० हा योगायोग नव्हे. पावसाचा वाटा आपण आधीच वेगळा काढला आहे, म्हणून पावसाकडे बोट दाखवता येत नाही. इतर काहीतरी बदलले आहे. जवळपास नवा कारखाना निघाला का? धरणाचे पाणी आले का? की कामच बंद ठेवले होते?

मे १९८८

वरचा तालुका काल्पनिक असला तरी प्रश्न काल्पनिक नव्हता. मे १९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही दुप्पट झाली. मजुराच्या दृष्टीने ही न्याय्य गोष्ट होती, याबद्दल मला शंका नाही. किमान वेतन हे नावाप्रमाणे किमान असते. सरकारनेच त्याहून कमी द्यावे हे शोभणारे नव्हते.

आता विचार करा. मजुरी दुप्पट झाली तर कामावर येणारे वाढतील की घटतील? पूर्वी जो ‘एवढ्या पैशांसाठी कोण उन्हात जाईल’ म्हणून घरी बसत होता, तोही आता येईल. हजेरी वाढायला हवी. प्रत्यक्षात ती घटली.

घटीला एक सोयीचे स्पष्टीकरण हाताशी होते. १९८७ हे देशभर अवर्षणाचे वर्ष होते आणि १९८८ चा पावसाळा उत्तम गेला. मग हजेरी कमी होणारच, नाही का? मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच गुंता सोडवायला घेतला. योजनेच्या महिन्या-महिन्याच्या हजेरीचे आकडे त्यांनी घेतले, ऋतूचा आणि पावसाचा परिणाम वेगळा काढला, दरवाढीपूर्वीची हजेरी कोणत्या नियमाने हलत होती ते पाहिले आणि त्यानंतरच्या हजेरीशी तुलना केली. त्यांचा निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. आपण पट्टीने जी रेषा काढली तिचेच हे अधिक काटेकोर रूप. निष्कर्ष असा निघाला की दरवाढीनंतरची घट चांगल्या पावसाने किंवा ऋतूने समजावता येत नाही. कामाचे एक प्रकारचे रेशनिंग सुरू झाले होते. मागेल त्याला काम, ही हमी सैल पडली होती.

असे का व्हावे? इथे कोणी दुष्ट माणूस शोधायची गरज नाही, भागाकार पुरतो. योजनेला मिळणारा पैसा तेवढाच आणि एका मनुष्यदिवसाची किंमत दुप्पट, तर मनुष्यदिवस निम्मे. मजुरी वाढवताना निधीही त्या मानाने वाढवायला हवा होता. तो वाढला नाही तर ताण कुठेतरी निघणारच, आणि तो निघतो काम मागणाऱ्याच्या दारात. त्यासाठी ‘काम देऊ नका’ असा हुकूम काढावा लागत नाही. संपलेल्या कामाच्या जागी नवे काम काढायला उशीर केला तरी पुरते. नवे काम सुरू करायला एका ठिकाणी किमान ५० मजूर लागत. चाळीसच जमले आहेत, थांबा, असे म्हटले तरी पुरते. काम गावापासून लांब काढले की लेकुरवाळ्या बायका आपोआप गळतात. आणि या कशाचीही खूण हजेरीपटावर उमटत नाही, कारण परत गेलेल्या माणसाचे नाव त्यावर कधी लिहिलेलेच नसते.

अँमीटर आणि व्होल्टमीटर

नववी-दहावीत ओहमचा नियम शिकलेल्यांना हे लगेच समजेल. परिपथातल्या अँमीटरचा काटा खाली आला. दोन कारणे संभवतात: विद्युतघट दुबळा झाला, किंवा वाटेत कुणी रोध घातला. नुसत्या अँमीटरकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी यातले कोणते कारण खरे ते कळणार नाही. त्यासाठी विभवांतर वेगळे मोजावे लागते, म्हणजे व्होल्टमीटर जोडावा लागतो.

हजेरीपट हा अँमीटर आहे. किती माणसे कामावर ‘वाहिली’ ते तो दाखवतो. गरजेचा दाब किती होता, ते दाखवत नाही. १९८८ च्या प्रश्नात अर्थशास्त्रज्ञांनी पाऊस आणि ऋतू यांच्यावरून त्या दाबाचा अंदाज बांधला, म्हणजे व्होल्टमीटर नसताना त्याचे काम दुसऱ्या मार्गाने साधले. पण सरळ मार्गही आहे: काम कुणी आणि कोणत्या तारखेला मागितले, याची वेगळी नोंद. गावपातळीवर कामाची मागणी करण्याचा अर्ज ‘नमुना ४’ म्हणून ओळखला जातो. तो देणाऱ्याला तारीख घातलेली पोच मिळाली, तरच पंधरा दिवस मोजायला कुठून सुरुवात करायची ते ठरते. पोच मिळाली नाही की मागणी झालीच नाही असे कागद म्हणतात, आणि मग मागणी व हजेरी हे दोन्ही आकडे अगदी जुळतात. असे जुळलेले आकडे पाहून वरिष्ठ कचेरीत समाधान पसरते. मला मात्र अशा वेळी त्या सहा वेळा सारख्याच आलेल्या आवर्तकालाची आठवण होते.

महाराष्ट्राच्या या अनुभवानंतर २००५ साली केंद्राने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. महाराष्ट्रातल्या १२ जिल्ह्यांचा त्यात समावेश होता आणि त्यांत आपला जिल्हाही (त्या वेळचे नाव औरंगाबाद) होता. त्यात वर्षाला प्रत्येक कुटुंबाला १०० दिवस कामाची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि दिवस १२५ केले. या वीस वर्षांत हजेरीपट कागदावरून संगणकावर गेला. २०२१ पासून मोबाइलवर हजेरी आली आणि १ जानेवारी २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी नोंदवणे सक्तीचे झाले.

यंत्राने खोटेपणा संपेल, ही आशा कितपत खरी ठरली? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे, तेव्हा माणसांनी ती तपासावीत. दुसरी बाजूही आहे. डोंगरातल्या वाडीवर मोबाइलला रेंज नसेल, तर खरोखर राबलेल्या माणसाची हजेरी चढत नाही. मापनयंत्राच्या या दोन निरनिराळ्या चुका आहेत: नसलेला माणूस ‘आहे’ म्हणणे आणि असलेला माणूस ‘नाही’ म्हणणे. चाळणी बारीक करत गेलो की पहिली चूक कमी होते, पण दुसरी वाढते. पहिल्या चुकीत सरकारचे पैसे जातात, दुसरीत एका घराची आठवड्याची मजुरी. दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजल्याशिवाय यंत्र सुधारले की बिघडले, हे सांगता येणार नाही. आणि आजवर पहिलीच जास्त उत्साहाने मोजली जाते, असे मला दिसते.

कारखान्यांतही हेच प्रश्न वेगळ्या वेषात येतात. गैरहजेरी वाढली की कामगार आळशी झाले असे म्हणणे सोपे असते. पण ती बसच्या वेळा बदलल्यामुळे आहे, सोयाबीनच्या काढणीमुळे आहे, की एखाद्या विभागातल्या उकाड्यामुळे, हे विभागवार आणि महिनावार आलेख काढल्यावरच दिसते. तिथेही जे सोडून गेले त्यांची नोंद बहुधा मिळते, पण जे फाटकावरून परत गेले त्यांची मिळत नाही.

करून पाहा

आपल्या वर्गाच्या हजेरीपुस्तकातून, वर्गशिक्षकांच्या परवानगीने आणि कुणाचेही नाव न घेता, मागच्या सहा महिन्यांची रोजची एकूण हजेरी उतरवून घ्या. वारानुसार तिची सरासरी काढा. गावच्या बाजाराचा वार ओळखू येतो का? मग पटसंख्या आणि सरासरी यांच्यावरून वर दिल्याप्रमाणे चढउतार किती यायला हवा ते काढा आणि प्रत्यक्षात किती आहे ते पाहा. ज्या दिवशी हजेरी अपेक्षेपेक्षा फारच खाली गेली, त्या तारखांची यादी करा आणि त्या दिवशी काय होते ते विचारा: पाऊस, एस.टी. न आलेली, कापूस वेचणी. शेवटी एक वेगळा रकाना आखा. शाळेत नाव असूनही सबंध महिन्यात एकदाही न आलेली मुले किती, ती संख्या त्यात लिहा. गावात शाळेच्या वयाची किती मुले आहेत, ही माहिती मात्र हजेरीपुस्तकात सापडणार नाही; त्यासाठी वाड्यावस्त्यांवर आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरी स्वतः जावे लागेल.